जरा अ‍ॅडजस्ट कर की

अंबाजोगाईच्या स्टँडवर बीडची गाडी लागली की दारातून चढणाऱ्यांपेक्षा खिडकीतून रुमाल टाकणारेच जास्त दिसतात. रुमाल, टोपी, पिशवी, एखाद्या पोराची वही, जे हाताला लागेल ते सीटवर पडलं की ती जागा आपली. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडायची हिंमत कुणी करत नाही. मागच्या दिवाळीच्या आधी मी अशाच एका गाडीत रुमाल टाकून जागा मिळवली होती. दोघांच्या सीटवर आम्ही दोघं आरामात बसलो होतो. केजला एक आजी चढल्या. सत्तरी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. गाडीभर नजर फिरवून त्या आमच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अडजेस करा की बाबा जरा."

आम्ही सरकलो. दोघांच्या जागेत तिसरी जागा झाली. आजी पाय मधल्या वाटेत सोडून बसल्या आणि बसल्याबसल्या माझ्या मांडीवरची बॅग ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली. म्हणाल्या, "आता नीट टेक." थोड्या वेळाने पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा निघाल्या. नेकनूर येईपर्यंत आम्ही तिघं शेंगा खात होतो.

याच प्रवासात बहिणीचा फोन आला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, नर्सिंग पूर्ण केलेली, लग्नाला सहा महिने झालेले. एका दवाखान्यात नोकरी करते. सासरचे म्हणत होते की नाइट ड्युटी चालणार नाही, नोकरी सोड, पुढे बघू. तिला मी काहीतरी बोलावं असं वाटत होतं. गाडीत गलका होता, रेंज येत-जात होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या भानगडीत पडायचंही नव्हतं. मी म्हणालो, "अगं, थोडं अ‍ॅडजस्ट कर की."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "दादा, मीच का?"

तेवढ्यात रेंज गेली. मांजरसुंबा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. अर्ध्या तासाच्या आत एकच शब्द दोनदा वापरला गेला होता. आजींनी वापरला तेव्हा तो किती साधा, किती माणसातला वाटला. मी वापरला तेव्हा माझीच मला लाज वाटली. शब्द तोच होता, मग बदललं काय? तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

*

'अ‍ॅडजस्ट' हा शब्द इंग्रजी आहे हे आता सांगावं लागतं, इतका तो आपला झालाय. त्या आजींना 'थँक्यू' किंवा 'सॉरी' कधी म्हणावं लागलं नसेल, पण 'अडजेस' त्यांच्या तोंडात 'भाकर' इतक्याच सहजपणे येतो. आपण एकटे नाही. चेन्नईच्या बसमध्ये 'अ‍ॅडजस्ट पण्णुंगा' ऐकू येतं, बंगळुरूत 'अ‍ॅडजस्ट माडी'. हिंदीवाले 'थोड़ा एडजस्ट कर लो' म्हणतात. अख्ख्या देशाने हे एक क्रियापद उचललं आणि त्याचं व्याकरण बदलून टाकलं.

कसं बदललं, ते पाहण्यासारखं आहे. मूळ इंग्रजीत या क्रियापदाला बहुतेक वेळा कर्म लागतं. माणूस काहीतरी अ‍ॅडजस्ट करतो, म्हणजे आरसा, पट्टा, घड्याळ, खुर्चीची उंची. आपल्याकडेही हा अर्थ गॅरेजमध्ये शाबूत आहे. मिस्त्री गाडीचा क्लच अ‍ॅडजस्ट करतो, ब्रेक अ‍ॅडजस्ट करतो, स्क्रू अर्धा आटा फिरवून चालू करून बघतो. या अर्थात वस्तू माणसाच्या सोयीसाठी बदलते. स्क्रूला कुणी विचारत नाही, आणि विचारायची गरजही नाही.

बसमध्ये आल्यावर मात्र कर्म गळून पडतं. 'अ‍ॅडजस्ट करा' असं म्हटल्यावर 'काय अ‍ॅडजस्ट करू?' असं कुणी विचारत नाही. जे अ‍ॅडजस्ट करायचं ते म्हणजे तुम्ही स्वतःच. तुमचं अंग, तुमची जागा, तुमची सोय. इंग्रजीतही माणूस नव्या शहराशी, नव्या चष्म्याशी स्वतःला जुळवून घेतो, तेव्हा हे क्रियापद येतं. पण तिथे 'कशाशी' हे बहुधा सांगितलं जातं. आपण तेही सोडून दिलं. 'कर की अ‍ॅडजस्ट', संपलं वाक्य. काय बदलायचं ते नाही, कशाशी जुळवायचं ते नाही, कुणामुळे बदलायचं ते तर अजिबात नाही.

आणि मग हा शब्द घरात शिरतो. लग्नाच्या बायोडाटात अपेक्षांच्या रकान्यात 'समजूतदार, अ‍ॅडजस्ट करणारी मुलगी' असं लिहिलेलं मी कितीतरी वेळा वाचलंय. 'अ‍ॅडजस्ट करणारा मुलगा हवा' असं अजून एकदाही वाचलेलं नाही. तुम्ही वाचलं असेल तर तुमच्या पाहुण्यारावळ्यांचा मला हेवा वाटतो.

*

प्रश्न असा की मराठीत शब्द नव्हते का? होते की. ढीगभर होते.

'जुळवून घेणं' आहे. त्यात दोन बाजू आहेत, कारण जुळायला दोन गोष्टी लागतात. 'तडजोड' आहे. त्यात आधी भांडण आहे, मग दोघांनी थोडंथोडं सोडणं आहे. दोघांपैकी एकानेच सगळं सोडलं तर तिला तडजोड म्हणत नाहीत, हार म्हणतात. 'सांभाळून घेणं' आहे. त्यात जो सांभाळतो तो मोठा ठरतो, त्याला मान मिळतो. 'खपवून घेणं' आहे. त्यात समोरच्याचं काहीतरी चुकलंय हे शब्दातच मान्य केलेलं आहे. 'सोसणं' आहे. त्यात दुखणं आहे, आणि दुखणं आलं की कुणीतरी विचारणारच, दुखावलं कुणी?

आता 'अ‍ॅडजस्ट' घ्या. त्यात भांडण नाही, चूक नाही, दुखणं नाही, दुखावणारा नाही. कसा गुळगुळीत शब्द आहे बघा. 'सुनेने सोसावं' असं आज कुठल्या सासूला तोंड वर करून म्हणता येईल? 'सुनेने थोडं अ‍ॅडजस्ट करावं' असं मात्र कुणीही, कुठेही, चहा पितापिता म्हणू शकतं. 'साहेबाचं वागणं खपवून घे' असा सल्ला देताना मित्राची जीभ अडखळेल. 'अ‍ॅडजस्ट कर रे, जॉब आहे' म्हणताना अडखळत नाही.

मला वाटतं, हा शब्द आपण गरज म्हणून घेतला नाही, सोय म्हणून घेतला. जे आपल्या भाषेत बोलायला जड जातं, ते परक्या भाषेत हलकं होतं. आणि जे बोलायला हलकं झालं, ते मागायलाही हलकं झालं.

*

पण इथे थांबून शब्दाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तो त्या आजींवर अन्याय होईल.

बीडसारख्या जिल्ह्यात माणसं एकमेकांसाठी सरकली नसती तर जगलीच नसती. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा भाग. पाऊस बेभरवशाचा, जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी. १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांच्या घरात सांगितल्या जात नाहीत असं घर इकडे शोधून सापडणार नाही. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, तिच्या घशाखाली न उतरणाऱ्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून फुटलेले हात. एका घरात शिजलेलं तीन घरांत वाटून खाल्लं, एका विहिरीवर अख्खी वस्ती जगली. २०१६ सालीही टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या, तेव्हा रांगेत लेकुरवाळीला पुढे सोडणाऱ्या बाया होत्याच. ही माणुसकी आहे, आणि तिला नाव ठेवायची माझी लायकी नाही.

बीडहून पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी जाणारी पोरं 'कॉट बेसिस' वर राहतात. खोली नाही, खोलीतली एक कॉट भाड्याने. एका खोलीत चार-पाच कॉट, एक बाथरूम, एक चार्जिंगचा बोर्ड. तिथे अ‍ॅडजस्ट करता आलं नाही तर आठवडाभरात मारामाऱ्या होतील. मी स्वतः दोन वर्षं असा राहिलोय. कुणी पहाटे उठायचा, तो मोबाईलच्या उजेडात कपडे शोधायचा म्हणजे बाकीच्यांची झोप मोडू नये. कुणी रात्री जागायचा, तो जिन्यात बसून वाचायचा. महिन्याच्या शेवटी कुणाची मेस बंद झाली तर दुसऱ्याच्या डब्यात दोन पोळ्या जास्त यायच्या. त्या दोन वर्षांनी परीक्षेचं काही दिलं नाही, पण माणसात राहायला शिकवलं.

म्हणजे अ‍ॅडजस्ट करणं वाईट नाही. उलट, ज्याला ते अजिबात जमत नाही तो माणूस बसमध्ये, घरात, गावात कुठेच नको असतो. मग खोट कुठे आहे?

खोट शोधायला आपल्याला उसाच्या फडात जावं लागेल.

*

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. बायका-माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादम आधी उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती घेतली की सिझनभर राबून फेडायची. मजुरांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हिशोबाच्या वहीत माणसाचं नाव हत्याराचं होतं.

फडातल्या हिशोबातही आपला शब्द आहे. फिटली नाही ती उचल 'पुढच्या सिझनला अ‍ॅडजस्ट करू' असं म्हणतात. ऐकायला सवलत वाटते. खरा अर्थ असा की पुढचं वर्षही आत्ताच विकलं गेलं.

कामावर न येण्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आता विचार करा. पहाटे अंधारात सुरू होणारं काम, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, राहायला पाचटाची नाहीतर प्लास्टिकची कोपी, ना संडास ना न्हाणी. अशा ठिकाणी बाईला पाळी आली, अंगावरून जास्त जायला लागलं, पोटात दुखायला लागलं, तर तिने काय करायचं? सुट्टी घेतली तर खाडा. नाही घेतली तर तसंच मोळ्या वाहायच्या. त्यात कुणी डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.

२०१९ साली या प्रश्नावर बराच गदारोळ झाला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, त्यामुळे आकडे अगदी शेजारीशेजारी ठेवू नयेत हे मान्य. पण एवढी मोठी तफावत नुसत्या पद्धतीच्या फरकाने येत नाही. सगळ्याच शस्त्रक्रिया विनाकारण झाल्या असंही कुणी म्हणू नये. काहींना खरंच गरज असेल. तरी प्रश्न उरतोच.

आमच्या वस्तीवर एक काकू आहेत. तिशी गाठायच्या आत त्यांची पिशवी काढलेली. आता कंबर धरते, उन्हाळ्यात अंगाची आग होते, चार घागरी वाहिल्या की बसावं लागतं. मी एकदा विचारलं, "काकू, तेव्हा नको वाटलं नाही का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "नको वाटून कुणाला सांगावं? अडजेस करावं लागतंय, बाबा. सिझन काय आपल्यासाठी थांबतोय व्हय?"

ही गोष्ट नीट बघा. फडात संडास बांधता आला असता. महिन्याला दोन दिवस खाड्याशिवाय सुट्टी देता आली असती. फडाजवळ दवाखान्याची गाडी फिरवता आली असती. बदलता येण्यासारख्या वस्तू भरपूर होत्या. पण साखरेचा हंगाम बदलला नाही, मुकादमाची वही बदलली नाही, खाड्याचा नियम बदलला नाही. या सगळ्या व्यवस्थेत अ‍ॅडजस्ट व्हायला फक्त एक गोष्ट सापडली, ती म्हणजे बाईचं शरीर. गॅरेजमधला अर्थ फिरून परत आला. मिस्त्री जसा यंत्र नीट चालावं म्हणून स्क्रू फिरवतो, तसं यंत्र चालू राहावं म्हणून माणूस फिरवला गेला. फरक इतकाच की तिला आपण सांगितलं, तू समजूतदार आहेस.

*

यावर कुणी म्हणेल, पण त्यांनी स्वतः कबूल केलं ना? कागदावर अंगठा त्यांचाच आहे. आणि काकूंची आज काही तक्रारही नाही.

अमर्त्य सेन यांनी एका जुन्या पाहणीकडे लक्ष वेधलं आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात लोकांना त्यांच्या तब्येतीविषयी विचारलं गेलं. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपण आजारी आहोत किंवा तब्येत बेताची आहे. विधवा स्त्रियांपैकी असं म्हणणाऱ्या निघाल्या फक्त २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमधल्या विधवा विधुरांपेक्षा धडधाकट होत्या, असं कुणी म्हणणार नाही. सेन यांचं म्हणणं असं की ज्यांना आयुष्यभर कमी मिळतं ते कमीची तक्रार करायचं विसरतात. म्हणून एखादा माणूस 'माझं बरं चाललंय' म्हणतो एवढ्यावरून त्याचं बरं चाललंय असं धरता येत नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातल्या सगळ्या बायका आठवल्या. सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या. 'मला शिळंच आवडतं' म्हणणाऱ्या. लहानपणी मला खरंच वाटायचं की आईला शिळी भाकरी आवडते. बहीण नोकरीला लागून पहिल्यांदा घरी आली आणि तिने आईला ताटावर आधी बसवून तव्यावरची गरम भाकरी वाढली. आईने ती ज्या पद्धतीने खाल्ली, ते बघून माझा पंचवीस वर्षांचा गैरसमज दूर झाला.

पण समाधान ही तर आपल्याकडे मोठी गोष्ट मानतात. संतांनी सांगितली, आजीने सांगितली. आहे त्यात सुख मानावं, हाव धरू नये. मग अ‍ॅडजस्टमेंट आणि समाधान यांत फरक काय? मला एक फरक दिसतो. समाधान माणूस स्वतःला शिकवतो. अ‍ॅडजस्ट कर हे नेहमी दुसऱ्याला सांगितलं जातं. ज्याच्या ताटात गरम भाकरी आहे तो शिळी खाणाऱ्याला समाधानाचं महत्त्व सांगायला लागला, की समजावं, हे समाधान नव्हे. ही त्याची सोय आहे.

*

तर मग केजला चढलेल्या आजींचं 'अडजेस' आणि माझं 'अ‍ॅडजस्ट' यांत काय वेगळं होतं? पुन्हापुन्हा त्या सीटकडे जाऊन पाहिलं तेव्हा मला तीन गोष्टी दिसल्या.

एक, मागणाऱ्याने स्वतःही केलं. आजींनी आमची जागा मागितली आणि लगेच माझी बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली. त्याही अर्ध्याच टेकल्या होत्या, त्यांचेही पाय वाटेत होते. तिथे तिघंही थोडेथोडे अवघडलो होतो. मी बहिणीला सांगितलं तेव्हा मी कशात अवघडलो होतो? माझं काहीच जाणार नव्हतं.

दोन, ते संपणार होतं. नेकनूर आलं, आजी उतरल्या, आम्ही पुन्हा ऐसपैस बसलो. प्रवासापुरतं सरकणं वेगळं आणि आयुष्यभर कडेला टेकून राहणं वेगळं. 'पुढे बघू' म्हणून सोडलेली नोकरी पुढे कुणी बघत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. सांगणाऱ्यालाही.

तीन, नाही म्हणता येत होतं. 'आजी, माझा पाय मोडलाय' असं मी म्हणालो असतो तर त्या पुढच्या सीटकडे गेल्या असत्या. चार शिव्या दिल्या असत्या फार तर. उचल घेतलेल्या कोयत्याला नाही म्हणता येत नाही. सहा महिन्यांच्या सुनेलाही फारसं येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दहा मुलींपैकी चारहून अधिक मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. त्या वयात मुलीला 'नाही' या शब्दाचा काय उपयोग, कुणापुढे उपयोग?

मागणाराही सरकतो का, याला शेवट आहे का, आणि नाही म्हणता येतं का. हे तीन प्रश्न मी आता स्वतःला विचारायला शिकतोय. तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर त्याला मी बिनधास्त अ‍ॅडजस्ट म्हणेन. नसतील तर मराठीत जे जुने, जड, खरखरीत शब्द आहेत त्यांतला एखादा वापरेन. 'तू सोस' असं म्हणून बघेन. जीभ अडखळली तर समजेन की जे मी मागतोय ते मागण्यासारखं नाही.

आणि एक चौथी गोष्ट दुष्काळाने शिकवली आहे. १९७२ला लोक मिलोच्या भाकरीशी जुळवून घेत होते हे खरं, पण तेवढंच करत नव्हते. हाताला काम द्या म्हणून तहसीलवर मोर्चेही नेत होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. पुढे २००५ साली देशाने असा कायदा केला तेव्हा त्याच्या मागे महाराष्ट्राचा अनुभव होता. म्हणजे लोकांनी स्वतः सरकून घेतलं आणि सरकारलाही सरकायला लावलं. आपण पहिल्या गोष्टीचे गोडवे गातो, दुसरी विसरतो.

*

या शब्दाचं मूळ शोधताना एक गंमत सापडली. 'अ‍ॅडजस्ट' इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले दोन तुकडे आहेत. एकाचा अर्थ 'कडे', दुसऱ्याचा 'जवळ'. म्हणजे मुळात हा शब्द जवळ येण्याचा. काळाच्या ओघात लोकांना त्यात दुसराच शब्द ऐकू यायला लागला, 'जस्ट', म्हणजे न्याय्य. भाषेच्या अभ्यासकांच्या हिशोबाने ही चूक. पण मला ती चूक फार आवडली. नुसतं जवळ सरकून भागत नाही, ते न्यायाचंही असलं पाहिजे, असं कुणा अडाणी माणसांना वाटलं असेल आणि त्यांनी ते शब्दात घुसवलं असेल, असं मी आपलं समजतो.

त्या दिवशी बीडला उतरल्यावर मी बहिणीला परत फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मघाशी चुकलो मी. तुझं ऐकूनच घेतलं नाही. आता सांग." ती बराच वेळ बोलली. नाइट ड्युटी महिन्यातून आठ दिवस असते. त्या आठ दिवसांत सकाळी पाणी भरायला आणि डबा करायला कुणी नसतं, हा सगळा प्रश्न. एवढाच. आठ सकाळी.

मी म्हणालो, "मग घरात बाकीचे तीन जण काय करतात त्या वेळी?"

"झोपलेले असतात," ती म्हणाली, आणि दोघंही हसलो.

पुढच्या रविवारी मी तिच्या सासरी गेलो. भांडायला नाही, चहा प्यायला. बोलताबोलता विषय काढला. जावई गप्प होते. सासूबाई म्हणाल्या, "लोकं काय म्हणतील?" मी म्हणालो, "आत्या, लोकांनाही थोडं अ‍ॅडजस्ट करू द्या की." सासरे मिशीत हसले, सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवशी काही ठरलं नाही.

नोकरी अजून चालू आहे. ड्युटीच्या आठ दिवसांतलं पाणी आता जावई भरतात, असं बहीण सांगते. डब्याचं अजून जमलेलं नाही, पोळ्या वाकड्या होतात म्हणे. सासूबाईंचा राग पूर्ण गेलेला नाही आणि कदाचित जाणारही नाही. परवा बहिणीने फोटो पाठवला, भारताच्या नकाशासारखी एक पोळी. खाली लिहिलं होतं, "खाल्ली. अ‍ॅडजस्ट केलं."